पर्यवेक्षकाच्या हाती नेमके काय उरले?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात नुकतेच शिफ्ट सुपरवायझर झालेल्या एका पदविकाधारक तरुणाने विचारले आहे की, त्यांचे आजोबा अमळनेरच्या गिरणीत होते आणि जॉबरने, म्हणजे माणसे आणून त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या मुकादमाने, नुसते पाहिले तरी माणूस साच्यावर (मागावर) हजर होत असे, असे ते सांगत. आज बोटाचा ठसा घेणारे यंत्र आहे, कॅमेरे आहेत, स्वतंत्र मनुष्यबळ विभाग आहे, आणि तरीही पाळीतली माणसे सुपरवायझरचे ऐकत नाहीत. असे का झाले आणि जुन्या पद्धतीतले आज घेण्यासारखे काय आहे, हा त्यांचा प्रश्न आहे. खानदेशातील कारखान्यांत कामगार अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी गेली असल्याने उत्तर थोडे लांबणार आहे.

माझे म्हणणे आधी सांगून टाकतो. गेल्या दीडशे वर्षांत देखरेख कडक झाली की सैल झाली, हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. जॉबरच्या हाती चार अधिकार एकवटलेले होते: माणूस कामावर घेणे, त्याची हजेरी मांडणे, त्याला शिक्षा करणे आणि त्याला काम शिकवणे. हे अधिकार एकामागून एक त्याच्याकडून काढले गेले आणि वेगवेगळ्या खात्यांकडे गेले. त्यातले बहुतेक योग्य कारणानेच काढले गेले. मात्र उत्पादनाची जबाबदारी जॉबरच्या जागी आलेल्या माणसाकडेच राहिली. तुमची अडचण तुमच्या स्वभावातली नसून या वाटणीतली आहे, आणि ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

कारखाना येण्यापूर्वी खानदेशात दुसऱ्याच्या हाताखाली काम करण्याची रुळलेली पद्धत म्हणजे सालदारकी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचे आणि पुढच्या आखाजीला संपायचे. मोबदला काही धान्यात, काही पैशांत. कामाचे तास नव्हते आणि मुकादमही नव्हता, कारण मालक स्वतः शेतात असायचा आणि वखर कसा चालला आहे हे त्यालाही कळायचे, सालदारालाही. या व्यवस्थेत अन्याय कमी नव्हता. उचल फेडता फेडता सालामागून साले जात. परंतु काम घेणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तो तिसरा माणूस कापसाने आणला. १८६०च्या दशकात लोहमार्ग तापीच्या खोऱ्यात पोहोचला, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला हिंदुस्थानी कापसाची गरज पडली, आणि पुढच्या काळात खानदेशात जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधण्याचे, कारखाने उभे राहिले. मुंबई सरकारने १८८४-८५ साली नेमलेल्या कारखाना आयोगापुढे या कारखान्यांबद्दल ज्या साक्षी झाल्या, त्या कामगार कायद्याच्या इतिहासात वारंवार उद्धृत होतात. साधारण दिवसांत इंजिन पहाटे चार-पाचला सुरू होई आणि रात्री सात, आठ किंवा नऊला थांबे. मध्ये सुटी अशी नव्हती, माणसे आळीपाळीने एकमेकांना सोडवून भाकर खात. मार्च-एप्रिलच्या गर्दीत जिन रात्रंदिवस चाले आणि तीच माणसे सलग आठ-आठ दिवस कामावर असत. जिनवर कापूस घालणाऱ्या बहुतेक बायका होत्या. येथे देखरेख म्हणजे जिनचे तोंड रिकामे राहू न देणे, एवढीच होती. कामाची गती इंजिन ठरवत होते आणि माणसाने झोप आवरून ती गाठायची होती. ‘पूर्वी लोक मनापासून काम करायचे’ असे कोणी म्हणाले की मला या साक्षी आठवतात.

कापड गिरणीत काम अधिक गुंतागुंतीचे होते, म्हणून तेथे जॉबर लागला. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, या साऱ्यांची घडण मुंबईच्या गिरण्यांसारखीच होती. व्यवस्थापक सूत आणि हिशेब जाणत होता, पण माणसे जाणत नव्हता. माणसे जॉबर जाणत होता. तो स्वतः चांगला कारागीर असे, साचा बिघडला तर हात घालून सुरू करी. कामगार तोच आणी, बहुधा आपल्या गावचे, नात्यातले किंवा जातीतले. भोंगा व्हायच्या आधी दारापाशी बदलीवाले, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरते लागणारे कामगार, उभे असत, आणि आज कोण आत जाणार हे त्याच्या बोटावर ठरे. या मेहेरबानीबद्दल दस्तुरी, म्हणजे त्याचा ठरलेला हात ओला करणे, द्यावी लागे. अडीनडीला पैसेही तोच पुरवी, व्याजाने.

आता तुमच्या आजोबांचे वाक्य पुन्हा वाचा. जॉबरने नुसते पाहिले की माणूस हजर होत असे, कारण त्या पाहण्यात उद्याची बदली, अंगावरचे कर्ज आणि धाकट्या भावाची लागायची नोकरी हे सगळे सामावलेले होते. त्याला आपण आदर म्हणतो. त्यात थोडा आदर होताही, कारण तो कामात पक्का होता. पण धाक किती आणि आदर किती याचे माप तेव्हाच्या कामगारालाही सांगता आले नसते.

ही मूठ सोडवायला कायद्याला बराच काळ लागला. पहिला हात तासांना लागला. १८८१च्या कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले, तेही सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. १८९१मध्ये स्त्रियांसाठी अकरा तास झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९०मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळला म्हणून काम थांबण्याचे कारण उरले नाही, तेव्हा १९११मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा घालावी लागली. पुढे १९२२ला अकरा, १९३४ला दहा आणि १९४८ला दिवसाचे नऊ, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. तास कायद्याने ठरले की ते मोजणारा आणि मोजलेले तपासणारा, दोघेही लागतात. त्यातून टाइम ऑफिस जन्माला आले, पितळी टोकन आले, आणि हजेरी जॉबरच्या वहीतून कारकुनाच्या मस्टरवर गेली.

भरतीचा अधिकार त्यानंतर गेला. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात जॉबरकडून भरती काढून घ्यावी आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणी मालकांनी १९३५मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्यास सुरुवात केली, म्हणजे दारावर कोणाला बोलवायचे हे बोटावर न ठरता कार्डावरून ठरावे. आणि १९४८च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. माझ्या पेशाचा उगम हा असा आहे, म्हणून मी तटस्थ असल्याचा दावा करणार नाही.

शिक्षेचा अधिकार मात्र तपशीलाने पाहण्यासारखा आहे, कारण तुमचे रोजचे खटके तेथेच उडतात. जुन्या काळी विणलेल्या कापडात दोष निघाला की कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापत. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला कुंपण घातले. दंड कोणत्या कृत्यांना करता येईल त्याची यादी आधी मंजूर करून लावलेली हवी. कामगाराला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड करायचा नाही. त्या पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा, पुढे तीन टक्क्यांपेक्षा, जास्त नाही. वसुली हप्त्याने नाही. आणि जमलेला पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हितासाठी खर्च झाला पाहिजे. यासाठी दंडाचे नोंदणीपुस्तक ठेवावे लागे. मी पाहिलेली अशी बहुतेक पुस्तके कोरी होती. एवढी अट पाळून दोन-चार रुपये कापण्यापेक्षा दंड न करणे सोपे, हे कारखान्यांना लवकरच उमगले, आणि मला वाटते कायद्याचा खरा परिणाम तोच होता.

मोठ्या शिक्षेचा मार्ग १९४६च्या स्थायी आदेशांच्या (कारखान्यातील नोकरीच्या लेखी नियमांच्या) कायद्याने आखला: आरोपपत्र, खुलासा, खातेनिहाय चौकशी, मग निर्णय. १९७१मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम आले आणि बडतर्फीची शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त वाटली तर ती बदलण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. येथपासून सुपरवायझरच्या रागाला किंमत उरली नाही आणि त्याच्या नोंदीला मोठी किंमत आली. ‘सदर कामगार वारंवार उद्धट वागतो व कामचुकारपणा करतो’ असा अहवाल माझ्या टेबलावर आला की मी तो परत पाठवीत असे. त्यावर आरोपपत्र उभे राहत नाही. ‘अमुक तारखेला दुसऱ्या पाळीत रात्री नऊच्या सुमारास तीन नंबरच्या एक्स्ट्रूडरवर (पाइप काढणाऱ्या यंत्रावर) नेमणूक असताना जागा सोडून गेले, पाऊण तासाने आले, त्या वेळात पाइपची जाडी बिघडून इतका माल भंगारात गेला, शेजारच्या लाइनवरील अमुक यांनी हे पाहिले’, असे लिहिले तर त्याला उत्तर द्यावे लागते. सुपरवायझरला भाषा चांगली येणे जरुरीचे नाही. घड्याळ पाहून त्याच दिवशी लिहिणे जरुरीचे आहे. आठ दिवसांनी आठवून लिहिलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही, हे मी भल्याभल्या इंजिनिअरांच्या बाबतीत पाहिले आहे.

चौथा अधिकार, म्हणजे कामाचे ज्ञान, कायद्याने काढलेला नाही. तो अमेरिकेतून आलेल्या एका विचाराने काढला. फ्रेडरिक टेलर यांनी १९११मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा गाभा स्टॉपवॉच हा नाही, जरी ते त्याचे चिन्ह झाले असले तरी. काम कसे करायचे हे ठरवण्याचे डोके कारखान्याच्या मजल्यावरून उचलून नियोजनाच्या कचेरीत न्यायचे, हा तो गाभा आहे. त्याच वर्षी वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच घेऊन माणूस मागे उभा राहिला म्हणून ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगारांनी काम बंद केले, आणि पुढे अमेरिकी संसदेने सरकारी शस्त्रागारांतील अशा वेळमोजणीवर अनेक वर्षे बंदी घातली. आपल्याकडे भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माण्यांत एकेका कामाला ठरलेली वेळ आणि नगावर मजुरी ही पद्धत नांदली, आणि ती ठरलेली वेळ बरोबर की चूक यावर चार्जमन (तेथला पर्यवेक्षक) आणि कामगार यांची हुज्जत हा तेथल्या कामाचा भागच होता. हुज्जत घालायला समोर माणूस होता, हे त्यातले बरे.

भुसावळच्या रेल्वेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तेथील देखरेख वेगळ्याच जातीची होती. इंजिन ड्रायव्हर एकदा गाडी घेऊन निघाला की त्याच्यावर नजर ठेवणारा कोणी साहेब शेजारी नसे. त्याऐवजी सगळे नोंदीवर चाले: कामावर आल्याची सही, सुटल्याची सही, आणि अपरात्री रेल्वे वसाहतीत जाऊन दार वाजवणारा कॉलबॉय, ज्याच्या वहीत ‘बोलावणे मिळाले’ म्हणून सही करावी लागे. पाठीशी उभे न राहता काम घेता येते, याचा हा जुना पुरावा आपल्याच भागात होता. फक्त त्यासाठी नियम दोन्ही बाजूंना सारखा माहीत असावा लागतो.

गिरणीकडे परत येऊ. अमळनेरच्या गिरणी कामगारांचे प्रश्न साने गुरुजींनी हाती घेतले होते, आणि त्या काळापासून संघटना ही देखरेखीतली आणखी एक बाजू झाली. १९७०-८०च्या दशकांत तर खात्यातला युनियनचा प्रतिनिधी हा दुसरा सुपरवायझरच होता. पाळी बदलून हवी, रजा हवी, साहेबाशी वाजले, तर कामगार आधी त्याच्याकडे जाई. पुष्कळ सुपरवायझरांना याचा राग असे. मला तो कधी कळला नाही, कारण त्या प्रतिनिधीशी सकाळी दहा मिनिटे बोलले की खात्यात काय शिजते आहे ते समजत असे, आणि आज ते समजायला कोणताही मार्ग नाही. औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद होती. ती बहुतेक ठिकाणी इतिवृत्तापुरती राहिली.

खानदेशातील या मोठ्या गिरण्या पुढे बंद पडल्या. त्याच अमळनेरात डिसेंबर १९४५मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. आज तिच्या संगणक अभियंत्यांना आपला वेळ स्वतः टाइमशीटवर मांडावा लागतो. ही टोकनचीच पुढची पायरी आहे असे मी म्हटले, तर तेथे काम करणारा आमचा भाचा हसतो आणि मग थोडा गप्प होतो.

आता तुमच्या कारखान्याकडे. बोटाच्या ठशाचे यंत्र माणूस दारातून आत आला हे सांगते, तो काय करतो आहे हे सांगत नाही. कॅमेरा काय झाले ते नंतर दाखवतो. दोन्ही गोष्टी हजेरी आणि पुरावा यांच्या बाजूच्या आहेत, आणि त्या तुमच्या हाती नसून मनुष्यबळ विभागाच्या हाती आहेत. कामगाराला हे नीट ठाऊक असते. आपली रजा मंजूर करणारा, पगार काढणारा, बढती देणारा हा माणूस नाही, हे समजल्यावर तो तुमचे कशासाठी ऐकेल, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर कॅमेरे वाढवून मिळत नाही.

जॉबरच्या चार गोष्टींपैकी एक अजून तुम्हाला परत घेता येते, ती म्हणजे शिकवणे. ती कोणी कायद्याने काढलेली नसल्याने कोणी अडवणारही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतील पर्यवेक्षकांसाठी शिकवण्याची एक छोटी पद्धत तयार झाली आणि १९५०च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेमार्फत ती भारतातही आली. तिच्यात माणसाची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर फिरून पाहणे, एवढेच आहे. तुमच्या लाइनवर हे करून पाहा. एक्स्ट्रूडर सुरू करताना पाइप एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक निघतो. जुना ऑपरेटर कापलेला तुकडा हातात फिरवतो आणि डायचा (पाइपला आकार देणाऱ्या तोंडाचा) कोणता बोल्ट किती आवळायचा ते ठरवतो, नवा माणूस मात्र वेग कमी-जास्त करत राहतो आणि भंगाराचा ढीग वाढतो. नव्या माणसाच्या हातात तो तुकडा द्या, जाड बाजू कोणती ते त्यालाच मोजायला लावा, बोल्ट त्यालाच आवळू द्या, आणि त्याने ‘हा का आवळला’ हे तोंडाने सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याला काम शिकवणाऱ्याला माणूस सहसा उलट उत्तर देत नाही.

रजेचा अधिकार तुमच्याकडे नसला तरी रजेचे नियोजन तुमच्याकडे आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, लग्नाच्या तिथी येतात, पोळा येतो. या दिवसांत पाळी ओस पडते हे दरवर्षी घडते, आणि तरीही दरवर्षी त्याच दिवशी सकाळी आरडाओरडा होतो. पंधरा दिवस आधी कागद लावून कोणाला कोणता दिवस हवा हे लिहून घ्या, दोघांनी एकच दिवस मागितला तर त्यांनाच आपसात ठरवायला सांगा, आणि ती यादी तुम्ही स्वतः मनुष्यबळ विभागात घेऊन जा. मंजुरी तेच देतील, पण मागणी पोहोचवणारा तुम्ही आहात हे पाळीला दिसेल.

आता कंत्राटदाराविषयी. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, पण तुमच्या पाळीत त्याची माणसे असणारच. ऊसतोडीचा मुकादम आणि केळीच्या बागेत घड कापून गाडी भरणाऱ्या टोळीचा म्होरक्या आपल्याला परिचित आहे: उचल तोच देतो, माणसे तोच आणतो, हिशेबही तोच करतो. औद्योगिक वसाहतीत कागदोपत्री रूप वेगळे असले तरी कंत्राटदाराकडे तेच अधिकार पुन्हा एकत्र आले आहेत. कामावर कोणाला आणायचे ते तो ठरवतो, हजेरी तो मांडतो, आणि ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्या एका वाक्यात शिक्षाही तो करतो, आरोपपत्राशिवाय. जॉबरकडे निदान काम शिकवण्याची ताकद होती. याच्याकडे बहुधा तीही नसते. कायद्याने ऐंशी-नव्वद वर्षे खपून दारातून बाहेर काढलेली व्यवस्था मागच्या फाटकाने आत आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात तुमचे काम काय? २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असून प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. तुमच्या पाळीतील कंत्राटी माणसांकडे ते आहे का, हे विचारा. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाच्या, म्हणजे कारखान्याच्या, प्रतिनिधीने हजर राहून सही करण्याची अट होती. आता पगार बँकेत जातो, पण कंत्राटदाराने तो चुकवला तर देण्याची जबाबदारी नव्या संहितेतही मूळ मालकावरच येते. म्हणून आपल्या पाळीत कोण किती दिवस आणि किती जादा तास होता याची स्वतःची वही ठेवा आणि महिनाअखेरीस ती कंत्राटदाराच्या मस्टरशी ताडून पाहा. दोन्हींत फरक निघाला तर कंत्राटदाराशी भांडत बसू नका. फरकाचा दिनांक आणि नाव लिहून कामगार अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. त्या माणसाचे बुडालेले दोन दिवस एकदा तुमच्या वहीवरून मिळाले की पुढच्या पाळीला त्याला बोलवायला कॅमेऱ्याकडे पाहावे लागणार नाही.